पडद्यामागचा खून पडद्यावर येतो तेव्हा : 'मॅकबेथ'चे चित्रपट कसे पाहावेत

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' या नाटकातली सर्वांत मोठी घटना प्रेक्षकाला दिसतच नाही. स्कॉटलंडचा राजा डंकन आपल्या पराक्रमी सरदाराच्या, म्हणजे मॅकबेथच्या, किल्ल्यात पाहुणा म्हणून उतरतो आणि रात्री निश्चिंत झोपी जातो. मॅकबेथ त्याच्या खोलीकडे जातो, पण त्याच्या मागोमाग नाटक आपल्याला आत नेत नाही. आपण बाहेर, कान टवकारून उभ्या असलेल्या लेडी मॅकबेथजवळच थांबतो. घुबडाचा आवाज येतो, ती दचकते, स्वतःला सावरते, आणि थोड्या वेळाने तिचा नवरा रक्ताने माखलेले हात घेऊन परत येतो. खून विंगेत होऊन गेलेला असतो.

रंगमंचावर ही युक्ती उत्तम चालते, कारण न दिसलेला खून प्रत्येक प्रेक्षक आपापल्या मनात पाहतो. चित्रपट करणाऱ्यापुढे मात्र यामुळे अडचण उभी राहते. कॅमेरा कोणत्याही दारातून आत जाऊ शकतो हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्यामुळे तो आत गेला तर त्याचा अर्थ होतो आणि तो बाहेर थांबला तर त्याचाही अर्थ होतो. अकिरा कुरोसावा यांनी 1957 च्या 'थ्रोन ऑफ ब्लड'मध्ये कॅमेरा बाहेर ठेवला. सामुराईंच्या काळातल्या जपानमध्ये घडणाऱ्या या चित्रपटात असाजी, म्हणजे तिथली लेडी मॅकबेथ, एका रिकाम्या दालनात एकटी बसून राहते, आणि त्या दालनात पूर्वीच्या एका फितुराच्या रक्ताचा न पुसला गेलेला डाग आहे. रोमन पोलान्स्की यांनी 1971 मध्ये नेमके उलटे केले. त्यांचा मॅकबेथ खोलीत शिरतो, डंकन डोळे उघडतो, दोघांची नजरानजर होते आणि मग वार होतो. जस्टिन कर्झेल यांच्या 2015 च्या चित्रपटात खून दिसतो, आणि तो झाल्यावर राजपुत्र माल्कम तिथे येऊन मॅकबेथला प्रेताजवळ बसलेला पाहतो. बाप मारला गेल्यावर राजपुत्र लगेच देश सोडून का पळतो, याचे नाटकातले कारण काहीसे मोघम आहे. कर्झेल यांनी ते एका दृश्यात स्वच्छ करून टाकले.

विशाल भारद्वाज यांच्या 'मकबूल'मध्ये खून होतो तेव्हा निम्मी, म्हणजे तिथली लेडी मॅकबेथ, त्याच पलंगावर आहे आणि रक्त तिच्याही अंगावर उडते. मल्याळम 'जोजी'मध्ये तर शस्त्रच नाही. आजारी बापाच्या गोळ्यांची अदलाबदल होते आणि घरातल्या एका माणसाला ते दिसूनही तो माणूस गप्प राहतो. घटना एकच आहे, पण पोलान्स्कींच्या खुनाला आपण साक्षीदार असतो, भारद्वाज यांच्या खुनात निम्मी अर्धी गुन्हेगार आणि अर्धी बळी वाटते, आणि 'जोजी'तला खून एखाद्या सुखवस्तू घराच्या औषधांच्या डब्यात मावतो.

जुन्या नाटकांवरचे नवे चित्रपट आवडीने पाहणाऱ्या माणसाचा आनंद मला नेमका इथे दिसतो. मूळ नाटक काही प्रश्न मोकळे ठेवते, काही प्रश्न रंगमंचापुरते सोडवते, आणि दर पिढीतला दिग्दर्शक त्यांची आपल्या काळातली, आपल्या मुलखातली उत्तरे शोधतो. हे प्रश्न आधी माहीत असले, तर एरवी कंटाळवाणा वाटेल असा प्रसंगही उत्कंठेने पाहता येतो. 'मॅकबेथ' त्यासाठी विशेष सोयीचे आहे. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधले ते सर्वांत आटोपशीर नाटक आहे. 'हॅम्लेट'च्या साधारण निम्म्या लांबीचे. ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी : युद्ध जिंकून परतणाऱ्या मॅकबेथला आणि त्याचा मित्र बँको याला तीन चेटकिणी भेटतात. तू राजा होशील, असे त्या मॅकबेथला सांगतात, आणि तुझे वंशज राजे होतील, असे बँकोला. बायकोच्या आग्रहाने मॅकबेथ राजाला मारतो, गादीवर बसतो, मग बँकोला मारवतो, मग मॅकडफ या सरदाराच्या बायकामुलांना. बँकोचे भूत मेजवानीत येते, लेडी मॅकबेथ झोपेत चालत हातावरचे न दिसणारे रक्त धुऊ लागते, आणि बर्नमचे जंगल किल्ल्यावर चालून आल्याशिवाय तुझा पराभव नाही, हे चेटकिणींचे दुसरे भाकीत विपरीत रीतीने खरे ठरून मॅकबेथ मॅकडफच्या हातून मरतो.

नाटक आणि चित्रपट यांच्यातला मूळ फरक समजण्यासाठी नाटक कुठे होत असे हे पाहिले पाहिजे. साधारण 1606 च्या सुमारास 'मॅकबेथ' लिहिले गेले, आणि 1611 मध्ये सायमन फोरमन नावाच्या वैद्य-ज्योतिषाने लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात ते पाहून टिपण करून ठेवले. ग्लोबला मधोमध छप्पर नव्हते, प्रयोग दिवसा उजेडी होत, रंगमंच प्रेक्षकांमध्ये घुसलेला होता आणि नेपथ्य जवळजवळ नव्हतेच. भर दुपारी काळोखी रात्र उभी करायची ती केवळ शब्दांनी. म्हणून या नाटकातली पात्रे रात्रीबद्दल, चांदण्या विझल्याबद्दल, वटवाघळांबद्दल आणि दाटत चाललेल्या अंधाराबद्दल इतके बोलतात. चित्रपटात अंधार दाखवता येतो, आणि तो दाखवल्यावर त्याचे वर्णन करणारा नट एकाएकी अनावश्यक वाटू लागतो. काव्य ठेवावे तर चित्र मुके होते, चित्राला वाव द्यावा तर काव्य ओझे होते, अशी ही कोंडी आहे.

या कोंडीतून दोन वाटा निघाल्या. ऑर्सन वेल्स यांनी 1948 मध्ये, पोलान्स्कींनी 1971 मध्ये, कर्झेल यांनी 2015 मध्ये आणि जोएल कोएन यांनी 2021 मध्ये शेक्सपिअरचे शब्द काटछाट करून का होईना, पण तेच ठेवले. कुरोसावा, भारद्वाज आणि 'जोजी'चे दिग्दर्शक दिलीश पोतन यांनी मूळचा एकही संवाद घेतला नाही. भाषाच बदलली तेव्हा शब्द राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर उरली नाही, आणि माझ्या मते याच कारणाने दुसऱ्या वाटेवरचे चित्रपट बहुधा अधिक मोकळे झाले आहेत. इंग्रजी दिग्दर्शकाला प्रत्येक ओळ कापताना अपराधी वाटते. कुरोसावांना तो प्रश्नच नव्हता. शब्द राखणाऱ्यांना भाषेपायी कसा त्रास होतो, याचा एक नमुना वेल्स यांच्याकडेच सापडतो. त्यांनी नटांना स्कॉटिश ढंगाने बोलायला लावले. प्रेक्षकांना ते समजेना, तेव्हा निर्मात्यांनी चित्रपट कापून आणि आवाज पुन्हा मुद्रित करून नव्याने प्रदर्शित केला.

सर्वांत अवघड प्रश्न स्वगताचा आहे. मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला स्वगत परके नाही. नट पुढे येतो, बाकीची पात्रे जणू विरघळून जातात आणि तो मनातले बोलतो. ग्लोबमध्ये प्रेक्षक तीन बाजूंनी इतके जवळ असत की स्वगत म्हणजे त्यांच्याशी केलेले हितगुजच होते. चित्रपटात माणूस एकटाच मोठ्याने बोलू लागला तर तो वेडा वाटतो किंवा दिग्दर्शक आळशी वाटतो. पोलान्स्कींनी स्वगताचा बराचसा भाग मनातला आवाज म्हणून ऐकवला. नटाचे ओठ मिटलेले आणि शब्द वरून येतात. ही सोय सुटसुटीत असली तरी थोडी निर्जीव आहे, कारण विचार घडत असतानाची धडपड चेहऱ्यावर दिसत नाही. आधीच तयार असलेला विचार आपल्याला फक्त ऐकवला जातो. 'रिचर्ड तिसरा' या नाटकाच्या 1995 च्या चित्रपटात इयन मॅकेलन यांनी वेगळे धाडस केले. त्यांचा रिचर्ड आरशात स्वतःशी बोलता बोलता आरशातूनच आपल्याला पाहतो आणि मग वळून थेट कॅमेऱ्याशी बोलू लागतो. रिचर्ड बेरकी आणि बोलघेवडा असल्यामुळे ते शोभले. मॅकबेथ स्वतःलाच घाबरलेला माणूस आहे. तो आपल्याला डोळा मारू शकत नाही.

म्हणून खुनाआधीचे खंजिराचे स्वगत कोण कसे करतो, हे पाहण्यासारखे असते. नाटकात मॅकबेथला हवेत तरंगणारा खंजीर दिसतो, आपल्याला दिसत नाही. पोलान्स्कींनी तो खराच तरंगताना दाखवला, आणि मला ती चूक वाटते, कारण भास ज्याचा त्याला होत असतो. तो सर्वांना दिसला की जादूचा प्रयोग होतो. कर्झेल यांनी युद्धात मेलेला एक पोरगेला सैनिक त्याच्यापुढे खंजीर धरून उभा केला, त्यामुळे सत्तेच्या लोभाइतकाच युद्धाने पोखरलेल्या मनाचा आजार पुढे आला. कोएन यांची कल्पना सर्वांत चतुर आहे. डेन्झेल वॉशिंग्टन लांब दालनातून चालत येत असतात, समोर दूरवर खंजीर चमकतो, आणि जवळ गेल्यावर कळते की ती डंकनच्या खोलीच्या दाराची मूठ आहे. स्वगत संपते आणि हात त्याच मुठीवर पडतो. कविता, भास आणि कृती यांची गाठ एका दारावर बसली आहे.

कुरोसावांनी स्वगते काढूनच टाकली आणि त्यांच्या जागी दोन घोडेस्वार ठेवले. वाशिझु आणि मिकी, म्हणजे मॅकबेथ आणि बँको, धुक्यात रस्ता चुकतात. धुक्यात शिरतात, बाहेर येतात, थबकतात, घोडे वळवतात, पुन्हा शिरतात, आणि हे इतक्या वेळा होते की नवखा प्रेक्षक चुळबुळ करू लागतो. भाकीत ऐकून डळमळलेल्या मनाचे ते चित्र आहे, हे लक्षात आले की त्याच दृश्याची लांबी हवीहवीशी वाटते. 'मकबूल'मध्ये हे काम इरफान खान यांच्या जड पापण्या करतात. निम्मी बोलते, डिवचते, हसते. मकबूल ऐकतो आणि आपण त्याला ऐकताना पाहतो. क्लोज-अप हेच चित्रपटाचे स्वगत आहे, असे म्हणायला हरकत नाही, मात्र त्यासाठी काही न बोलता विचार करू शकणारा नट लागतो.

दुसरा मोठा प्रश्न चेटकिणींचा. त्या कोण आहेत, आणि त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा? पहिल्या प्रेक्षकांना हा प्रश्न पडला नसता. 1603 मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स हा स्कॉटलंडचा राजा होता, चेटूकविद्येवर त्याने स्वतः 1597 मध्ये ग्रंथ लिहिला होता, आणि चेटकीण ठरवून बायकांना मारले जात होते. आजच्या चित्रपटाला हा प्रश्न नव्याने मांडावा लागतो : या समाजातला महत्त्वाकांक्षी माणूस नेमका कुणाच्या शब्दावर भुलेल? एका अमेरिकन विनोदी रूपांतरात, 2001 च्या 'स्कॉटलंड, पीए'मध्ये, सत्तरच्या दशकातल्या पेनसिल्व्हेनियातले एक खाद्यगृह हे राज्य आहे आणि चेटकिणींच्या जागी तीन हिप्पी आहेत. कुरोसावांकडे जंगलात चरखा फिरवत बसलेला एक पिशाचवजा म्हातारा जीव आहे. कोएन यांनी कॅथरिन हंटर या एकाच अभिनेत्रीला तिन्ही चेटकिणी करायला दिल्या, आणि ती स्वतःचे हातपाय असे काही मुडपते की चेटकीण म्हणजे काय याची शंका राहत नाही.

पण या प्रश्नाचे सर्वांत बुद्धिमान उत्तर 'मकबूल'मध्ये आहे, आणि ते मुंबईचे उत्तर आहे. 2004 च्या जानेवारीत भारतात प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात राज्य म्हणजे मुंबईची गुन्हेगारी टोळी, डंकन म्हणजे तिचा म्होरक्या अब्बाजी, आणि चेटकिणी म्हणजे दोन पोलीस अधिकारी, ओम पुरींचा पंडित आणि नसीरुद्दीन शहांचा पुरोहित. हे दोघे कुंडल्या मांडतात. चित्रपटाच्या सुरुवातीलाच पावसात उभ्या गाडीच्या दमट काचेवर बोटाने मुंबईची कुंडली काढली जाते. नाटकातल्या चेटकिणी फक्त बोलतात. खून मॅकबेथ करतो. हे दोन अधिकारी भाकीत करतात आणि ते खरे व्हावे याची व्यवस्थाही करतात, कारण एका टोळीला दुसरीचा धाक असावा, कुणीच फार मोठा होऊ नये, असे त्यांचे धोरण आहे. त्यामुळे नाटकातला जुना वाद, म्हणजे मॅकबेथने केले ते त्याच्या नशिबाने की त्याच्या मर्जीने, इथे तिसऱ्याच दिशेला वळतो आणि सरकारी वर्दीतली माणसे नशीब चालवत असतील तर दोष कुणाचा, हा प्रश्न उभा राहतो. ज्या शहराने चकमकींच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचल्या त्याला हे भाकीत अद्भुत वाटत नाही, आणि तरीही ते भयंकर वाटते. शिवाय शहा आणि पुरी यांनी या भूमिकांत असा खट्याळपणा भरला आहे की मूळ नाटकातल्या दारुड्या द्वारपालाचा विनोदही त्यांच्याच वाट्याला आला आहे.

भारद्वाज यांनी बँकोच्या भाकिताचेही असेच देशीकरण केले. तुझा वंश गादीवर येईल, हे नाटकातले वचन पूर्ण झालेले नाटकात दिसत नाही. 'मकबूल'मध्ये काका नावाच्या पात्राचा, म्हणजे तिथल्या बँकोचा, मुलगा गुड्डू आणि अब्बाजीची मुलगी समीरा यांचे प्रेम आहे, लग्न ठरते, आणि जावई वारस होणार हे आपल्याकडच्या कुठल्याही घरात चटकन समजते. मकबूलला गुड्डूची भीती वाटण्यासाठी आता चेटकिणींची गरजच नाही.

'जोजी'ने चेटकिणी काढूनच टाकल्या. 2021 मधला हा चित्रपट केरळमधल्या मळेवाल्या ख्रिस्ती कुटुंबात घडतो. राजा म्हणजे हुकूमशाही वृत्तीचा बाप, राज्य म्हणजे त्याची मालमत्ता, आणि मॅकबेथ म्हणजे फहाद फासिलने केलेला रिकामटेकडा, दबलेला धाकटा मुलगा. कुणीही भविष्य सांगत नाही. बाप अंथरुणाला खिळतो, आणि तेवढेच पुरते. महासाथीच्या दिवसांतले सगळे आहे, त्यामुळे खुनाच्या संशयाइतकीच चर्चा मास्क लावण्याची होते. भाकीत वजा केल्यावर 'मॅकबेथ' शिल्लक राहतो का, अशी शंका रास्त आहे. माझे मत, शोकांतिका कमी उरते आणि गुन्ह्याची गोष्ट जास्त. मॅकबेथ मोठा होता आणि म्हणून त्याचे पडणे लागते. जोजी पहिल्यापासून लहान माणूस आहे. पण दिग्दर्शकाला बहुधा तेच म्हणायचे आहे.

भुताबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे चित्रपट बहुतेक वेळा नाटकाइतकेच सरळ वागतात. फोरमनच्या टिपणात बँकोचे भूत येऊन मॅकबेथच्या खुर्चीत बसल्याची नोंद आहे, म्हणजे ग्लोबमध्ये भूत खरोखर नटाच्या रूपाने येई. कुरोसावांकडे मिकी पांढऱ्याफटक चेहऱ्याने रिकाम्या आसनावर बसलेला दिसतो. कोएन यांच्या चित्रपटात त्याची जागा एक कावळा घेतो.

मुलाचा प्रश्न मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. नाटकात लेडी मॅकबेथ एका वाक्यात सांगते की मी मूल अंगावर पाजले आहे. पण नाटकात या जोडप्याचे मूल कुठेही नाही, आणि पुढे आपल्या लेकरांच्या हत्येची बातमी ऐकून मॅकडफ, बहुधा मॅकबेथला उद्देशून, म्हणतो की त्याला मुले नाहीत. मग ते मूल कुठे गेले? एल. सी. नाइट्स या इंग्रज समीक्षकाने 1933 मध्ये लेडी मॅकबेथला किती मुले होती, असे मुद्दाम खोचक शीर्षक देऊन निबंध लिहिला आणि पात्रांना खरी माणसे समजून असले हिशेब मांडणाऱ्यांची खिल्ली उडवली. समीक्षक म्हणून त्यांचे बरोबरच होते. मात्र पटकथाकार आणि नट यांना तो हिशेब टाळता येत नाही, कारण नटीला ते वाक्य उच्चारताना काहीतरी आठवावेच लागते.

कुरोसावांची असाजी नवऱ्याला आपण गर्भार असल्याचे सांगते, आणि म्हणूनच मिकीच्या मुलाला वारस करण्याचा बेत मोडून मिकीला मारणे भाग पडते. पुढे मूल मृत जन्मते आणि त्यानंतर ती हात धुऊ लागते. कर्झेल यांचा चित्रपट तर एका तान्ह्या मुलाच्या अंत्यविधीनेच सुरू होतो. पहिल्याच चित्रात आपण या जोडप्याकडे दुःखी आई-बाप म्हणून पाहू लागतो, सत्ता ही त्यांच्यासाठी एका रिकाम्या जागेची भरपाई ठरते, आणि झोपेत चालण्याच्या प्रसंगातले शब्द लेडी मॅकबेथ झालेली मारिओन कोतियार झोपेत बोलत नाही, तर समोर दिसणाऱ्या त्या मुलाशी बोलते. 'मकबूल'मध्ये निम्मी ही अब्बाजीची रखेली आणि मकबूलची प्रेयसी आहे. तिच्या पोटातले मूल कुणाचे, हा संशय मकबूलला आतून कुरतडतो. शेवटी रुग्णालयात ते बाळ आपल्या शत्रूंच्या हातात सुखरूप असल्याचे काचेतून पाहून मकबूल शस्त्र टाकतो आणि बाहेर जाऊन गोळी खातो. मूळ नाटकात मॅकबेथ झुंजत मरतो. इथे तो झुंज सोडून देतो, आणि त्याचे कारण ते मूल आहे. एका वाक्यात राहून गेलेली फट धरून भारद्वाज यांनी संपूर्ण शेवट बदलला, आणि तरी तो नाटकातूनच उगवल्यासारखा वाटतो.

जंगल चालून येण्याच्या प्रसंगाची गंमत वेगळी आहे. नाटकात सैनिक फांद्या तोडून हातात धरतात, म्हणजे चमत्काराचा खुलासा आपल्याला आधीच मिळतो. कुरोसावा तो खुलासा आधी देत नाहीत. धुक्यातून झाडे खरोखरच सरकत येताना दिसतात, वाशिझुच्याच सैन्याचा धीर सुटतो, आणि त्याचा शेवट शत्रूच्या तलवारीने न होता त्याच्याच धनुर्धाऱ्यांच्या बाणांनी होतो. वाशिझु झालेल्या तोशिरो मिफुने यांच्या आजूबाजूला लाकडात घुसणारे त्यातले बरेच बाण खरे होते, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरच्या भीतीकडे आपण पुन्हा एकदा पाहतो. कर्झेल यांनी जंगल पेटवून दिले; राख आणि ठिणग्या वाऱ्यावर किल्ल्याकडे येतात. मुंबईत जंगल आणायचे कुठून? म्हणून 'मकबूल'मध्ये समुद्र घरात येईल तेव्हा घात होईल, असे भाकीत होते आणि समुद्राशी संबंध असलेली सरकारी यंत्रणा त्याच्या दारात येऊन ठाकते. कागदावर ही कल्पना नाजूक आहे. चित्रपटात ती थोडी घाईने उरकली आहे असे मला प्रत्येक वेळी वाटते.

हे सगळे बदल पाहून मूळ कलाकृतीशी ही बेइमानी नव्हे का, असे विचारणारे भेटतात. त्यांना शेक्सपिअरने स्वतः काय केले हे सांगावे. इतिहासातल्या मॅकबेथने 1040 मध्ये डंकनला लढाईत हरवून मारले आणि त्यानंतर सतरा वर्षे राज्य केले. शेक्सपिअरने हॉलिनशेड या इंग्रज बखरकाराच्या बखरीतून कथा घेतली. पाहुण्या राजाला झोपेत मारण्याचा प्रसंग मात्र त्याच बखरीतल्या डफ नावाच्या दुसऱ्या राजाच्या हकिकतीतून उचलला. बखरीत बँको हा खुनाच्या कटात सामील आहे. पण जेम्स राजा बँकोला आपला पूर्वज मानत असल्यामुळे नाटकात तो निर्दोष झाला. इतकेच नव्हे, तर आपल्या हाती असलेली संहिता शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर, 1623 मध्ये छापली गेली आणि तिच्यात चेटकिणींच्या दोन गाण्यांची नुसती सुरुवात दिलेली आहे. ती पूर्ण गाणी टॉमस मिडलटन या दुसऱ्याच नाटककाराच्या नाटकात सापडतात. मूळ म्हणून ज्याच्याशी प्रामाणिक राहायचे, त्यातच दुसऱ्याचा हात फिरलेला आहे.

मराठी प्रेक्षकाला तर रूपांतराचे वावडे असण्याचे कारणच नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, शिवराम महादेव परांजप्यांनी 'मॅकबेथ'चा 'मानाजीराव' केला, आणि शिरवाडकरांनी त्याच नाटकावरून 'राजमुकुट' लिहिले. शिरवाडकरांच्याच 'नटसम्राट'मध्ये मुलांना सर्वस्व वाटून बेघर होणारा गणपतराव बेलवलकर 'किंग लिअर'ची आठवण करून देतो. 1970 च्या डिसेंबरात रंगमंचावर आलेले हे नाटक महेश मांजरेकरांच्या चित्रपटातून 2016 च्या पहिल्या दिवशी पडद्यावर आले, आणि स्वगताचा वर सांगितलेला प्रश्न त्यांच्यापुढेही होताच. त्याचे अर्धे उत्तर शिरवाडकरांनी आधीच देऊन ठेवले होते : नायक निवृत्त नट आहे, तेव्हा त्याने घरात किंवा फुटपाथवर मोठ्याने संवाद म्हणणे अस्वाभाविक वाटत नाही. उरलेले अर्धे चित्रपटाने शोधले. विक्रम गोखल्यांनी केलेले रामभाऊ हे जुन्या नटमित्राचे पात्र नाटकात नाही. ते आणल्यामुळे नाना पाटेकरांच्या गणपतरावांना बोलायला बरोबरीचा माणूस मिळाला आणि जे एकट्याचे होते ते दोघांचे झाले. ही दुरुस्ती अनेकांना खटकली. मला तरी चित्रपटातले सर्वांत जिवंत क्षण या दोन म्हाताऱ्यांच्या भांडणातच सापडतात.

आवड असली तरी सगळेच गोड मानून घेऊ नये. कर्झेल यांच्या चित्रपटात लढाया फार मंद गतीने चालतात आणि संवाद इतके कुजबुजत येतात की ओळींचा ठेका हरवतो. कोएन यांचा कृष्णधवल चित्रपट प्रत्येक चौकटीत देखणा आहे, चौकटही जुन्या चित्रपटांसारखी चौकोनाकडे झुकणारी आहे, पण ती रेखीव दालने कधी कधी माणसांपेक्षा जास्त लक्षात राहतात. वेल्स यांचा किल्ला उघडच पुठ्ठ्याचा वाटतो. तीन आठवड्यांच्या आसपास चित्रीकरण उरकल्यावर दुसरे काय होणार? तरीही खुनाच्या आगेमागे त्यांनी सुमारे दहा मिनिटे कॅमेरा न तोडता जे चालवले आहे, ते रंगमंचाची ऊब आणि चित्रपटाची नजर यांचा दुर्मिळ मेळ आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने कोणत्या क्रमाने पाहावे, असे कुणी विचारलेच तर माझा सल्ला असा आहे. आधी नाटक वाचावे. मराठी अनुवाद चालेल, एका संध्याकाळी वाचून होते. मग 'मकबूल' पाहावा, कारण भाषा आणि शहर दोन्ही ओळखीचे आहेत आणि बदल चटकन पकडता येतात. त्यानंतर 'थ्रोन ऑफ ब्लड', तोही शक्यतो मोठ्या पडद्यावर, कारण त्यातले धुके भ्रमणध्वनीवर नुसते राखाडी दिसते. मूळ शब्दांची ओढ लागली की ट्रेव्हर नन यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि 1979 मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेलेल्या प्रयोगाकडे वळावे. इयन मॅकेलन आणि जूडी डेंच यांच्या चेहऱ्यांखेरीज त्यात पाहण्यासारखे फारसे काही ठेवलेलेच नाही, आणि त्यामुळे शब्द पुरेपूर ऐकू येतात. मग कोएन, आणि त्यांच्या पाठोपाठ लगेच 'जोजी', कारण 2021 या एकाच वर्षात एकाने मूळचेच शब्द ठेवले आणि दुसऱ्याने एकही ठेवला नाही. पोलान्स्की आणि कर्झेल यांना मध्ये कुठेही बसवता येईल, फक्त लागोपाठ नको. इतके रक्त एका आठवड्यात सोसत नाही.